पुस्तकाचं नाव कळवावं का?

संपादकांनी फोन करून 'ग्रंथपालाचे अनुभव' मागितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं काय असावं याचा मला अंदाज आला. वाळवी लागलेली पुस्तकं, गायब झालेली पानं, समासात पेन्सिलीनं लिहिलेली प्रेमपत्रं. ते सगळं माझ्याकडं आहे, पण ते प्रत्येक ग्रंथपालाकडं असतं. लातूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची सात-आठ वर्षं मी एक जास्तीचं काम अंगावर घेतलं होतं, जे माझ्या नेमणुकीच्या पत्रात कुठंही नव्हतं. आमच्या वाचनालयाच्या संगणकात जे सॉफ्टवेअर होतं, ते बनवणाऱ्यांना मी सूचना करत असे. अमुक सोय करा, तमुक बटण द्या. माझ्या बहुतेक सूचना नामंजूर झाल्या. दोन मंजूर झाल्या, आणि त्यातली एक झाली नसती तर बरं झालं असतं.

सुरुवात नांदेडला झाली. तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपालांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि शिकवायला होते वाघमारे सर. सर त्याच कॉलेजचे ग्रंथपाल, मूळचे उमरीचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी पडद्यावर पुस्तकांची देवघेव, याद्या, शोध असं सगळं पाच मिनिटांत करून दाखवलं. आमच्याकडं तेव्हा मोठमोठ्या नोंदवह्या होत्या आणि एक पुस्तक शोधायला दोन माणसं लागायची. चहाच्या सुटीत मी त्यांना गाठलं.

"सर, हे आम्हाला झेपेल का?"

"फुकट हाय ताई."

"आज फुकट. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बी फुकट. ह्याला मालकच न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कंपनीचं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं हे कंपनी कुणाला दाखवत नाही. हे मुक्त सॉफ्टवेअर. संगणकाला दिलेले त्यातले सगळे हुकूम उघड्यावर लिहून ठेवलेले असतात. कुणीही घ्यावेत, वापरावेत, बदलावेत. जगभरातले पाच-पन्नास लोक, काही पगारी, बरेचसे हौशी, मिळून ते सांभाळतात. इंटरनेटवर त्यांचं एक पान असतं. आपल्याला नवीन सोय हवी असेल तर तिथं लिहायचं. लिहिलं की तिला क्रमांक पडतो. मग कुणी प्रश्न विचारतं, कुणी दुजोरा देतं, कुणी चिंध्या करतं. सगळ्यांचं पटलं आणि ती सोय करायला कुणाला वेळ मिळाला, तर पुढच्या आवृत्तीत ती येते.

हे मी लातूरला परतून आमच्या अध्यक्षांना सांगितलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मोंढ्यात आडत दुकान, कपाळावर विभूती, बोलणं तोलून मापून.

"कंपनी कोणती?" आप्पांनी विचारलं.

"कंपनी नाही आप्पा."

"मालक?"

"मालकही नाही."

"मग बिघडल्यावर धरायचं कुणाला?"

"आपण लिहायचं. तिकडचे लोक उत्तर देतात."

"कामून देतात?"

याचं उत्तर मला धड आजही येत नाही. "आवड असते त्यांना," मी म्हणाले.

आप्पांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. "आवडीनं कुणी जवाब देतं का मॅडम? माझा मुनीम पगार घेऊन देत न्हाई."

तरी ठराव झाला, आणि तीन महिन्यांत सगळ्या नोंदवह्या संगणकात गेल्या.

पहिली अडचण बालाजी सूर्यवंशींनी आणली. या नावाचे आमच्याकडं चार सभासद होते, त्यातल्या दोघांच्या वडलांचं नावही एकच. काउंटरवर कुणी कधी 'बालाजी सूर्यवंशी' म्हणायचंच नाही. होमगार्ड बालाजी, पेपरवाला बालाजी, भजीवाला बालाजी आणि चौथा उंच बालाजी. नोंदवहीत आम्ही नावापुढं तसं लिहून ठेवत होतो. संगणकात मात्र नाव, वडलांचं नाव, आडनाव एवढेच रकाने. एक दिवस भजीवाला बालाजी तणतणत आला. ज्योतिषाचं पुस्तक परत करा म्हणून त्याला आमची चिठ्ठी गेली होती. "मॅडम, मी ज्योतिषाचं पुस्तक नेलं म्हणून गावभर झालंय. गिऱ्हाईक भजी सोडून हात पुढं करून राहिले."

तेव्हा मी पहिली सूचना लिहायला बसले. इंग्रजीत मी जन्मात एकाच प्रकारचं लेखन केलं होतं, ते म्हणजे अर्ज. म्हणून सूचनाही तशीच लिहिली. वर विषय, मग संदर्भ, मग 'आदरणीय महोदय, सविनय सादर करण्यात येते की', शेवटी 'आपली विश्वासू' आणि डाव्या कोपऱ्यात 'प्रत माहितीस्तव : अध्यक्ष'.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सुरुवात होती, 'हाय शकुंतला!'

मी खोलीत एकटी होते तरी पदर सारखा केला. सासरी-माहेरी मिळून मला नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. ही बाई इनग्रिड. कुठल्याशा थंड देशातली ग्रंथपाल, आलेल्या सूचना चाळणं हे तिचं काम. तिनं लिहिलं होतं, 'तुला नवा रकाना हवा आहे हे कळलं. पण रकाना राहू दे बाजूला. तुझ्या काउंटरवर काय घडलं ते सांग.'

या धंद्यातली पहिली अक्कल मला तिथं आली. सूचना करणारा नेहमी औषधाचं नाव घेऊन जातो. समोरच्याला दुखणं ऐकायचं असतं. मी मग अर्जाची भाषा सोडली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चारही बालाजी लिहून काढले, भज्यांसकट. भजी म्हणजे काय यावरच चार जणांनी विचारणा केली. मग कुठल्या तरी बेटावरच्या एका ग्रंथपालानं लिहिलं की आमच्या अख्ख्या बेटावर मोजकी आडनावं आहेत, आम्ही माणसांना त्यांच्या होडीच्या नावानं ओळखतो, ही सोय आम्हालाही द्या. पुढच्या आवृत्तीत 'प्रचलित नाव' असा रकाना आला.

वाघमारे सरांचा नांदेडहून फोन आला. "ताई, तुमचे बालाजी समुद्रापार जाऊन राहिले."

ही खबर आप्पांपर्यंत गेली. ते स्वतः वाचनालयात आले, माझ्यासमोर बसले, आणि इकडंतिकडं पाहून म्हणाले, "मॅडम, एक दरखास्त आपली बी पाठवा. पुस्तक दिलं की पडद्यावर अध्यक्षाचा फोटो यावा. खाली 'वाचाल तर वाचाल' असलं कायतरी."

मी शक्य तितक्या गंभीरपणे ती सूचना लिहिली. इनग्रिडचं उत्तर एका ओळीचं होतं. मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. "ते विचारतात, यानं कुणाची अडचण सुटते?"

आप्पांनी बराच विचार केला. "माझी सुटते म्हणावं."

ती सूचना नामंजूर झाली. पण तिच्यावर तिकडं जी चर्चा झाली, तिच्यात कळलं की दुसऱ्या देशातल्या दोन ग्रंथपालांनीही आपापल्या अध्यक्षांच्या फोटोची सूचना पूर्वी केली होती. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते समाधानानं घरी गेले.

यानंतर मला चेव आला. वीज गेली की अर्धवट भरलेला फॉर्म जपून ठेवा, ही सूचना केली. ती नामंजूर झाली, कारण तो प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून विजेचा आहे म्हणे. शाईच्या शिक्क्यासारखं दिसणारं बटण द्या, हीदेखील केली. ती का केली हे मला आता आठवत नाही. आणि मग सुरुवातीला म्हटलं ती, झाली नसती तर बरं अशी सूचना केली.

झालं असं की पुस्तकाची मुदत संपत आली की सॉफ्टवेअर सभासदाच्या मोबाईलवर आपणहून संदेश पाठवायचं, 'आपले पुस्तक परत करण्याची तारीख जवळ आली आहे.' आमच्याकडं एका घरात चार-चार कार्डं आणि चारही कार्डांवर फोन नंबर एकच, बहुधा घरातल्या कर्त्या माणसाचा. संदेश गेला की लगेच आमचा फोन वाजायचा. "कोणतं पुस्तक? कुणी नेलं? आम्ही तर दिलं." अशी दिवसाला पंधरा-वीस उत्तरं मी देत होते. मी लिहिलं, संदेशात वाचकाचं आणि पुस्तकाचं नाव घाला.

इनग्रिडला आवडलं. बेटवाल्यालाही. फक्त एकानं शंका काढली. तो स्वतःचं नाव लावत नसे, 'घुबड' या टोपणनावानं लिहायचा. सॉफ्टवेअरचा बराच भाग त्यानंच लिहिलेला होता असं सर सांगत. त्यानं विचारलं, 'तो फोन आणखी कोण कोण बघतं?'

मी तडकाफडकी उत्तर दिलं. 'आमच्याकडं घरातल्या माणसांपासून लपवण्यासारखं काही नसतं.' लिहून झाल्यावर मला स्वतःचा अभिमानही वाटला. त्या पानावर लिहिलेलं पुसता येत नाही. ते वाक्य अजून तिथं आहे, माझ्या नावासकट.

सोय मंजूर झाली. नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात 'सूचना : शकुंतला, लातूर' अशी ओळ छापून आली. मी त्याची प्रत काढून काउंटरमागच्या फळ्यावर टाचणीनं लावली. पेढे वाटले. आप्पा म्हणाले, "माझा फोटो न्हाई, तुमचं नाव तर गेलं."

पहिला दणका बसला देशमुख सरांना. हे निवृत्त गणित शिक्षक. वाचनकक्षात सगळ्यांच्या देखत तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ उघडून बसत आणि घरी नेताना भुताखेतांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेत. हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांच्या कार्डावर फोन होता सुनेचा. घरी पाहुणे बसलेले असताना सुनेनं संदेश मोठ्यानं वाचला. "बाबा, तुमचं 'कवटीचा पहारा' परत द्यायचंय."

सरांनी येऊन पुस्तक काउंटरवर आपटलं. "मॅडम, चाळीस वर्षं शिकवलं मी. गावात काही इज्जत आहे माझी. कवटी घालवली ना तुम्ही!"

मी हसू दाबून माफी मागितली. पुढच्या आठवड्यात त्यांची सून आली. "मॅडम, त्या कवटीचा दुसरा भाग आहे का? मलाही वाचायचाय. बाबांना आणायला सांगितला तर त्यांना बरं वाटणार नाही, म्हणून मीच आले." त्या घरात त्यानंतर भुतं उघडपणे नांदू लागली. मी ही गंमत त्या पानावरही लिहिली. लोक हसले. घुबड मात्र हसला नाही. निदान त्यानं तसं लिहिलं नाही.

मग अश्विनी.

अश्विनी चाकूरची. वडलांचं, मन्मथरावांचं, तिथं हार्डवेअरचं दुकान. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला शिकवण्या लावायच्या, दोन-तीन मैत्रिणींत खोली करून राहायचं, हे आमच्या भागात आता इतकं सरसकट झालं आहे की त्यात सांगण्यासारखं काही नाही. ती दर रविवारी सकाळी यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "एका वेळी किती नेता येतात?" मी दोन म्हणाले, तर तिचा चेहरा पडला. हळूहळू मी तिला तीन द्यायला लागले. परगावच्या विद्यार्थ्यांच्या कार्डावर पालकांचा नंबर लावायचा, हा आमचा नियम. तिच्या कार्डावर मन्मथरावांचा होता.

एका सोमवारी वाचनालय उघडून मी बसते न बसते तोच ते आले. मागं अश्विनी. त्यांनी हात जोडून नमस्कार केला, मोबाईल काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं वळवला. पडद्यावर आमचा संदेश होता. अश्विनीचं नाव आणि पुढं 'अग्निशमन दल भरती मार्गदर्शक'.

"हे पुस्तक तुम्हीच दिलं का मॅडम?"

"हो."

"माझी लेक डॉक्टरकीची तयारी करून राहिली. तिला आगीचं पुस्तक कामून दिलं?"

"तिनं मागितलं म्हणून दिलं."

"मागतील ते देता का तुम्ही लोकांना?"

"हो," मी म्हणाले. "तेच काम आहे आमचं."

ते भांडायला आले असते तर सोपं गेलं असतं. पण त्यांचा आवाज चढलाच नाही. "दोन वर्षं झाली, मी दुकानात गिऱ्हाइकाला सांगून राहिलो, लेक डॉक्टर होणार. आणि हिला शिडीवर चढायचंय. मला सांगितलं बी न्हाई. मोबाईलनं सांगितलं." त्यांनी खोली सोडायला लावली होती. आता रोज चाकूरहून बसनं जाणं-येणं, वडलांच्या डोळ्यांपुढं. कार्ड बंद करायचं होतं.

मी कार्ड बंद करत होते तेव्हा मन्मथराव गाडी काढायला बाहेर गेले. अश्विनी हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही घरी कळवायला नको होतं."

"मी नाही गं कळवलं. ते आपोआप जातं."

"आपोआप कसं जाईल?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. "कुणीतरी त्याला तसं सांगितलं असंल ना."

माझ्या पाठीमागं फळ्यावर माझं नाव टांगलेलं होतं. ती गेल्यावर मी ती टाचणी काढली.

दुपारी मी वाघमारे सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सर एरवी मला मध्येच तोडतात, त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, तुम्हाला एक सांगू का? आमचे बाबा मजुरी करायचे. कामावरून आले की हातपाय धुऊन उमरीच्या वाचनालयात जाऊन बसायचे. ज्याच्या शेतात कामाला जायचे त्याला वाटायचं, हा पेपर वाचायला जातो. बाबा कायद्याची पुस्तकं वाचायचे. कूळ कायदा, मजुरी कायदा. तिथल्या ग्रंथपालानं कधी 'कशाला' म्हणून विचारलं न्हाई, आणि कधी कुणाला सांगितलं न्हाई. त्याचं नाव बी मला माहीत न्हाई. पण मी ह्या खुर्चीत बसलो ते त्याच्यामुळं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला आणि नाक पुसलं.

"तुम्ही रडून राहिल्या का?"

"नाही."

"मग लिहा. जसं मागितलं होतं तसंच परत करा."

त्या दिवशी मी लिहिलेल्या सूचनेत विषय नव्हता, संदर्भ नव्हता, विश्वासू नव्हती. 'ही सोय मी मागितली होती. माझं चुकलं. काढून टाका.'

इनग्रिडनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. काउंटरवर काय घडलं? नाव न सांगता मी तिला घडलं ते सांगितलं. यावेळी त्या पानावर चांगलीच जुंपली. कुणी लिहिलं, नावामुळं आमची पुस्तकं वेळेवर परत येतात, आता काढू नका. कुणी लिहिलं, एका मुलीसाठी सगळ्यांची सोय मोडायची का? बेटवाला म्हणाला, आमच्याकडंही एक घटना घडली होती, मी लाजेनं लिहिली नाही. मी रोज सकाळी वाचनालयात आल्या आल्या आधी ते पान उघडायची आणि उत्तरं द्यायची. माझं इंग्रजी त्या दोन महिन्यांत जेवढं सुधारलं तेवढं बी.ए.ला सुधारलं नव्हतं. आमच्यापुरता संदेश वाघमारे सरांनी आधीच बदलून दिला होता. त्यासाठी ते नांदेडहून एसटीनं आले, अर्ध्या तासात काम केलं आणि तीन कप चहा पिऊन परत गेले.

मी वाट पाहत होते ती घुबडाची. 'मी म्हटलं नव्हतं का' असं तो लिहील, आणि मला ते मुकाट्यानं वाचावं लागेल. त्यानं लिहिलं ते एवढंच. 'हे सांगितल्याबद्दल आभार. काढून टाकणं हा उपाय नाही. ज्याचं पुस्तक आहे त्याला विचारू या.' ती सोय त्यानं स्वतः बनवली. सभासद नोंदवताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारणार. वाचकानं हो म्हटलं तरच संदेशात पुस्तकाचं नाव जाणार. उत्तर कोरं ठेवलं तर ते 'नाही' धरायचं. आणि उत्तर वाचकानं द्यायचं, पालकानं नाही. मराठीतला प्रश्न मी लिहून दिला, 'संदेशात पुस्तकाचं नाव कळवावं का?'

नवी आवृत्ती आली तशी मी जुन्या सभासदांनाही एकेक करून विचारायला सुरुवात केली. देशमुख सर म्हणाले, "आता काय राहिलंय? कळवा!" आप्पा म्हणाले, "माझं खुशाल कळवा, मी पुस्तक नेतच न्हाई." रेणापूरहून येणारी एक अंगणवाडी सेविका मात्र प्रश्न ऐकून थांबली. तिनं हळूच विचारलं, "असं कुणी विचारतं का मॅडम?" आणि 'नको' म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं जे पुस्तक नेलं ते तिनं आधी कधीच मागितलं नव्हतं.

मग वर्षभरानं, माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आलेली असताना, मन्मथराव आले. एकटेच. केस जास्त पांढरे झाले होते. काउंटरपाशी बराच वेळ घुटमळले.

"मॅडम, ओळखलं का?"

"ओळखलं. अश्विनी कशी आहे?"

"हाय बरी. परीक्षा दिली. न्हाई लागला नंबर. म्हणती, मी सायन्स सोडून देते. मी म्हणलं, सोड. लई दिवस झाले, आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच. जेवायला चल, दिवा लाव, एवढंच." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. "पुढच्या हप्त्यात तिचा वाढदिवस हाय. म्हणलं, पुस्तक घ्यावं. पण तिला काय आवडतं ते मला माहीत न्हाई. तुमच्याकडं नोंद असंल ना. तिनं इथनं काय काय नेलं, त्याची एक यादी द्या मला."

बंद कार्डाची नोंद संगणकात होती. नाव टाकलं आणि यादी समोर आली. चाळीस-एक पुस्तकं असतील. ते पलीकडून वाकले तसा मी पडदा माझ्याकडं वळवला.

"देता येत नाही मन्मथराव."

"अहो, मी बाप हाय तिचा."

"माहीत आहे."

"मागल्या खेपेला तर न मागता दिलं होतं!"

"तेव्हा चुकलं आमचं," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

खरं सांगते, यादीची छापील प्रत त्यांच्या हातात द्यावी असं मला फार वाटलं. माणूस चांगल्या मनानं आला होता. जगातल्या कुठल्याही ग्रंथपालानं, घुबडानंसुद्धा, त्या क्षणी मला माफ केलं असतं.

"तिलाच विचारा ना," मी म्हणाले.

"ती बोलत न्हाई माझ्याशी. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"तरी विचारा."

ते चिडून बाहेर गेले. मला वाटलं, गेले. पण खिडकीतून दिसलं, ते पायरीवरच उभे होते. मोबाईल हातात घेऊन. एकदा नंबर लावला आणि कापला. दुसऱ्यांदा लावला. आधी ते एकटेच बोलत होते, मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मध्ये एकदा "असं का?" म्हणाले ते मला आतपर्यंत ऐकू आलं. काउंटरवर तीन वाचक उभे होते आणि मी चुकीच्या पुस्तकावर शिक्का मारला.

आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुकानात नवीन माल आल्यासारखा भाव होता. "लई नावं सांगितली हो तिनं. माझ्या ध्यानात न्हाई राहिली. मी म्हणलं, लिहून पाठीव. तर म्हणती, तुम्ही काय आणू नका, मीच येते." जाताना दारातून वळून म्हणाले, "रविवारी उघडं असतं ना?"

रविवारी ती आली. तिचं नवं कार्ड मी स्वतः केलं. यावेळी फोन नंबर तिचा होता. मी विचारायच्या आधीच पडद्यावरचा प्रश्न वाचून ती हसायला लागली. तिनं उत्तर काय दिलं ते मी सांगणार नाही, तो तिचा प्रश्न आहे.

आता मी निवृत्त आहे. धाकट्या लेकीकडं नांदेडला आले की वाघमारे सरांच्या वाचनालयात जाऊन बसते, आणि अजूनही अधूनमधून एखादी सूचना लिहिते. इनग्रिड 'हाय शकुंतला' म्हणते. मीही आता 'हाय' म्हणते. अश्विनी कला शाखेत आहे आणि रोज सकाळी मैदानावर धावते. अग्निशमनाच्या भरतीत एकदा धावण्यात कमी पडली, पुन्हा देणार आहे. मन्मथराव घड्याळ धरून उभे राहतात, असं ऐकते.

हा लेख लिहायच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, तुझी हकीकत लिहू का? नावं बदलीन.

ती म्हणाली, "लिहा की मॅडम. आगीचं पुस्तक तर सगळ्या चाकूरला माहीत हाय. बाकीची लिहू नका."

म्हणून बाकीची लिहीत नाही.